पेटी संपायच्या आत

शाल आणू नका, असं मी मंडळीच्या सेक्रेटरींना बजावून सांगितलं होतं. शाळेतून निवृत्त झाले तेव्हाच्या शाली अजून घडीच्या घडी ट्रंकेत पडून आहेत, आणि भोरमध्ये असं कितीसं गारठतं हो? "नाही बाई, शाल नाही," ते म्हणाले. माझ्या निरोपाच्या रविवारी देवळात शिरले तर वेदीजवळच्या टेबलावर शाल, गुच्छ आणि एक भिंतीवरचं घड्याळ, सगळं सजवून मांडलेलं. घड्याळ! जिनं अर्धा जन्म ह्या मंडळीला 'वेळेवर या, वेळेवर या' म्हणून कोकलण्यात घालवला, तिला जाताना घड्याळ. म्हटलं, बरंय, आता घड्याळ माझ्याकडे, तुम्ही या हवं तेव्हा.

देऊळ म्हणजे आमचं चर्च. आम्ही भोरचे ख्रिस्ती लोक जुन्या वळणाचे, चर्चला देऊळच म्हणतो. दगडी भिंती, वर पत्रा, पुढं सतरंज्या, मागं बाकं, खिडकीपाशी म्हाताऱ्या माणसांसाठी चार खुर्च्या आणि वेदीच्या डाव्या हाताला माझी पेटी. रविवारची गीतं निवडायची, शनिवारी गाणाऱ्यांची तालीम घ्यायची, उपासनेत पेटी वाजवून सूर द्यायचा आणि सगळ्या मंडळीला त्या सुरात ओढून आणायचं, हे माझं काम. शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये ह्या कामाला भारदस्त नावं असतात म्हणे. आमच्याकडे मी 'पेटीवाल्या बाई'. लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या नाताळापासून ते ह्या जानेवारीपर्यंत.

माझा नियम एकच होता. गीताची पहिली ओळ पेटीवर पुरी वाजणार, मग माझा हात वर जाणार, आणि मग मंडळीनं तोंड उघडायचं. शाळेतली पहिलीची पोरं हे आठवड्याभरात शिकतात. आमची मंडळी शिकली नाही, आणि त्याला कारण आंबवड्याची आक्का.

आक्का माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. भाताची खाचरं, दोन म्हशी, नवरा केव्हाच गेलेला. सकाळच्या एसटीनं यायची, पाळकसाहेबांच्या बायकोसाठी पिशवीतून मेथी नाहीतर चाकवत आणायची आणि अगदी पुढं सतरंजीवर मांडी घालून बसायची. आवाज असा, की एका खाचरात उभं राहून बांधापलीकडच्या बाईला हाक मारावी. आणि खोड अशी, की पेटी संपायच्या आत उचलायची. मी अजून अर्ध्या ओळीत असायची, की हिचं सुरू. तिचं सुरू झालं की सगळ्यांचं सुरू, कारण पेटीपेक्षा आक्का जोरात.

"आक्का, पेटी संपू द्या की हो."

"संपलीच व्हती की बाई."

"कुठं संपली होती? अर्धी ओळ राहिली होती माझी."

"मंग तुमी जरा बिगी बिगी वाजवा."

आता ह्याला काय म्हणायचं! मी चिडायची. "तुम्हाला कुठं सूर कळतोय!" असं तोंडावर म्हणायची. ती पदर तोंडाला लावून हसायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. जित्याची खोड म्हणतात ती ही.

आमचे हे मला म्हणायचे, "जाऊ दे गं. माझ्या गाडीत पण बेल मारायच्या आधी उतरणारी माणसं असतात. तीबी पोचतात घरी."

हे एसटीत कंडक्टर होते. भोर-वेल्हे गाडीवर बरीच वर्षं काढली. स्टँडवर उभे राहून "कापूरहोळ, चेलाडी, नसरापूर, मार्गासनी, वेल्हेऽऽ" अशी आरोळी ठोकली की मला घरात भाकरी थापताना कळायचं, गाडी लागली. माझ्या वडलांनी लग्न ठरवताना एकच चौकशी केली होती, मुलगा गातो का. गायचे, आणि कसे! पुरुष मंडळी म्हणजे नुसती ओठ हलवणारी जमात. ह्यांचा आवाज लागला की त्यांच्यात जीव यायचा. आम्ही तेव्हा काळी दोनवर गायचो, म्हणजे चांगल्या चढ्या सुरात, आणि ह्यांना तोही कमीच पडायचा.

नाताळच्या आधी आम्ही टेम्पो करून वेल्ह्याकडे जायचो. तिकडे आमची घरं थोडी. एक नर्सबाई, एक शिक्षक, पानशेतच्या अंगाला एका बंगल्यावर राखणीला असलेलं एक कुटुंब. त्यांच्या दारात गीतं म्हणायची, चहा प्यायचा, पुढं निघायचं. एका वर्षी नर्सबाई हटूनच बसल्या. वरच्या धनगरवस्तीवर माझे पेशंट आहेत, त्यांना पण ऐकवा म्हणाल्या. टेम्पो काही त्या चढाला चढेना. ह्यांनी डोक्यावर टॉवेलची चुंबळ केली, पेटी उचलून डोक्यावर घेतली आणि चालायला लागले. मी मागनं ओरडतेय, "अहो, पडली तर नवी कोण देणार आहे?" आणि हे पुढं गातायत. ऊन कलायला आलं होतं. कुत्री भुंकत अंगावर आली, मेंढरं बुजली, बाया दारात आल्या. आम्ही दोन गीतं म्हटली. एक म्हातारा घोंगडी पांघरून ऐकत बसला होता. तो म्हणाला, "कंच्या देवाचं भजन म्हनायचं हे?"

हे म्हणाले, "बाबा, तुमच्याच लोकांची गोष्ट हाय. आमचा देव जन्मला, तवा पयली खबर मेंढ्या राखणाऱ्यांना मिळाली."

म्हाताऱ्यानं घोंगडी सारखी केली. "मंग बराबर हाय," तो म्हणाला. "रातचं जागं कोन असतंय आमच्याबिगर?"

परत येताना टेम्पोत हे तेच वाक्य घोळवत होते. पुढं कित्येक नाताळांना पाळकसाहेबांचं प्रवचन झालं की माझ्या कानाशी लागून म्हणायचे, त्या बाबानं एका वाक्यात सांगितलं होतं. बोलायची फार हौस माणसाला. गाडीत बोलायचं, घरात बोलायचं, झोपेत तिकिटं फाडायची.

हे निवृत्त झाले, मग एका सकाळी ह्यांच्या हातातून चहाची बशी निसटली. मी ओरडले, "लक्ष कुठं असतं हो तुमचं!" मग तोंडाकडे बघितलं. एका बाजूला ओढलं गेलं होतं. पुण्याला नेलं, दवाखाने झाले, देवाच्या दयेनं जीव वाचला. पाय हळूहळू वळणावर आला, काठी घेऊन चालायला लागले. बोलणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, ह्यांना समजतंय सगळं, पण शब्द सापडत नाहीत. एकच शब्द राहिला होता, "चला." आयुष्यभर 'चला, पुढं चला' म्हणत आले, तो तेवढा जिभेवर उरला.

सुरुवातीला हसूसुद्धा यायचं. कुणी भेटायला यायचं, "कसं वाटतंय?" विचारायचं, हे म्हणायचे, "चला!" आणि माणसं बिचारी चहा अर्धा टाकून उठायची. मी धावत जाऊन सांगायची, अहो बसा, ते तसं म्हणत नाहीत. पण एकदा ह्यांना मला काही सांगायचं होतं. चला, चला, चला करत राहिले. मी पाणी दिलं, गोळी दिली, खिडकी उघडली, मुलाला फोन लावून दिला. काहीच ते नव्हतं. शेवटी भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. शिट्टीच्या आवाजात माणसाला रडता येतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गोष्ट घडली. संध्याकाळी मी घरी पेटी काढून बसले होते, रविवारचं गीत बसवत. सर्दीनं माझा घसा पार बसला होता, म्हणून सूर खूप खाली घेतला, पांढरी एक. गीत आमच्याच मंडळीचं. फार वर्षांपूर्वीच्या एका पाळकांनी इथंच भोरला बसून बांधलेलं, 'ओंजळ माझी रिती, तूच ती भरावी'. कुठल्या छापील पुस्तकात ते नाही. मी पहिली ओळ म्हटली, आणि कॉटवरून दुसरी ओळ आली. पुरी. शब्दन् शब्द जागेवर.

मी थांबले नाही. थांबले तर मोडेल असं वाटलं. मान वळवायचीही छाती होईना. भाता मारत राहिले, आणि मागं तो आवाज. पूर्वीचा नव्हे, आजारानं खाली बसलेला, खरखरीत, पण ह्यांचा. दोन कडवी म्हणून थांबले. मी वळून विचारलं, "काय म्हणालात?"

"चला," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

मग मी काय केलं, तर पुढच्या रविवारी सगळ्या मंडळीचा सूर खाली उतरवला. काळी दोनवरून थेट पांढरी एकवर. कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. घरी आम्ही दोघंच गायचो तेव्हा ह्यांना फार तर दोन कडवी यायची, मग शब्द हरवायचे. देवळात मात्र सगळ्यांच्या आवाजात हे चालत राहायचे, पहिल्या कडव्यापासून आमेनपर्यंत. आठवड्यातून एवढंच बोलणं होतं ह्या माणसाचं. लोक म्हणाले, चमत्कार झाला. पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीची प्रार्थना केली. चमत्कार झालाच होता, पण तो पांढरी एकवर झाला होता. जरा वर घेतलं की ह्यांचा आवाज फाटायचा, हे दचकायचे आणि तोंड मिटायचे. हे मी घरी करून बघितलं होतं. देवळात कुणाला त्यातलं काही कळलंय असं मला तरी वाटलं नाही.

कुरकुर झाली. बायका म्हणाल्या, "बाई, पार विहिरीत उतरवलंत आम्हाला." तरुण पोरं गायचीच बंद झाली, मोबाईलवर बोट फिरवत बसायची. पुण्याहून आलेले एक पाहुणे म्हणाले म्हणे, इथं गीतं फार मरगळलेली वाटतात. मी म्हटलं, वाटू देत. आक्का तेवढी खालच्या सुरातसुद्धा पेटी संपायच्या आत उचलत होती.

पुढं माझ्या बोटांनी दगा दिला. सांधे सुजायला लागले. एका रविवारी अंगठा वळेचना, चुकीची पट्टी दाबली गेली आणि सगळं गीत भरकटलं. मी होऊन सेक्रेटरींना सांगितलं, आता दुसरं कुणी बघा. त्यांनी नको नको म्हटलं, पण फार वेळ नाही म्हटलं. कमिटीनं कीबोर्ड घेतला. आणि ठराव झाला, की आता सूर पूर्वीसारखा वर घ्यायचा, म्हणजे मुलं गायला लागतील. चुकीचं काय होतं त्यात? काहीच नाही. मी स्वतः कमिटीत असते तर हेच म्हटलं असतं.

नवी पेटीवाली म्हणजे मंडळीतल्याच एका घरची सून. पुण्याची, रीतसर शिकलेली, इथल्या शाळेत शिकवते. मी तिच्यात खोट काढायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण गुणी पोर निघाली. तालमीला माझ्या आधी हजर. मला म्हणायची, "बाई, तुम्ही शेजारी बसा, चुकलं की हातावर मारा." आता अशा मुलीवर राग तरी कसा धरायचा?

शेवटच्या शनिवारी तालीम झाली. ती गीतं काळी दोनवर वाजवत होती, पोरं कधी नव्हे ती तोंड उघडून गात होती, देऊळ कसं भरून आलं होतं. मी म्हटलं, "जरा खाली घेतलंस तर?"

"किती खाली, बाई?"

"असंच. थोडं."

"मग मुलांना जमत नाही हो. आणि कमिटीनं सांगितलंय ना, वरच ठेव म्हणून. का बरं?"

का बरं! तोंडाशी आलं होतं. सांगून टाकायचं, पोरी, माझा नवरा आठवड्यातून एकदा बोलतो, तेवढं बंद करू नकोस. नाही सांगितलं. आयुष्यात कुणापुढं हात पसरला नाही आणि आता जाता जाता एका माणसासाठी सगळ्या देवळाला खाली बसवा म्हणून मागायचं? बरं, मी तोच प्रकार एवढे दिवस न मागता केलाच होता. "काही नाही," म्हटलं, "छान वाजवतेस." ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हा माझा जुना स्वभाव. घरी येऊन भांड्यांवर राग काढला. हे बघत होते. "चला," म्हणाले. मी म्हटलं, "चला काय चला! कुठं जायचंय?" आणि मग मलाच इतकं वाईट वाटलं की त्यांचा हात धरून बसून राहिले.

तर तो रविवार. देऊळ भरलं होतं. वेल्ह्याहून नर्सबाई आल्या होत्या, आता पार थकलेल्या. मला शाल पांघरून पुढं खुर्चीत बसवलं, नवरीसारखं. हे खिडकीपाशी आपल्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट, काठी दोन्ही हातांत. पहिलं गीत सुरू झालं. काळी दोन. मी मंडळीकडे नाही, ह्यांच्याकडेच बघत होते. ह्यांनी नेहमीसारखं तोंड उघडलं. आवाज वर चढला, तिथंच फाटला. हे दचकले. इकडं तिकडं बघितलं, आपलंच काही चुकलं असं वाटून. पुन्हा एकदा उघडून बघितलं, पुन्हा तेच. मग मिटलं. सगळं देऊळ गात होतं आणि त्या गजरात ह्यांचे ओठ "चला, चला" असे हलताना मला दिसले. दुसऱ्या गीताला तर त्यांनी प्रयत्नच केला नाही. काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून फरशीकडे बघत बसले. मला वाटलं, उठावं, शाल भिरकावून द्यावी आणि ह्यांना घेऊन घरी जावं.

तेवढ्यात पुढं सतरंजीवर बसलेल्या आक्कानं मान वळवून मागं बघितलं. मला वाटलं, पाण्याची बाटली शोधतेय.

भाषणं झाली. सेक्रेटरी म्हणाले, बाईंनी मंडळीला शिस्त लावली. मंडळी मोठ्यानं हसली. पाळकसाहेब चांगलं बोलले. मग मला उभं केलं, दोन शब्द बोला. ह्या दोन शब्दांत मागून टाकायचं असं मी सकाळपासून घोकत होते. एवढी वर्षं मी तुम्हाला सूर दिला, आता मला एकच गोष्ट द्या, असं म्हणायचं. उभी राहिले, समोर सगळे चेहरे, आणि तोंडातून निघालं काय? "नव्या बाईंना साथ द्या. आणि पेटी संपायच्या आत उचलू नका!" पुन्हा सगळे हसले. मी खाली बसले. म्हटलं, कर्म माझं. संपलं आता.

शेवटचं गीत 'ओंजळ'. माझ्यासाठीच निवडलेलं. नवी मुलगी कीबोर्डवर ओळ वाजवायला लागली, काळी दोन, अगदी सुरेल. मी डोळे मिटून घेतले. ह्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

ती अर्ध्या ओळीत होती, आणि आक्कानं उचललं.

खणखणीत. आणि कीबोर्डच्या सुरात नाही. खाली, जिथं मी ह्या मंडळीला नेऊन ठेवलं होतं तिथं. पांढरी एक. क्षणभर फार विचित्र ऐकू आलं, कीबोर्ड एकीकडे आणि आक्का दुसरीकडे, दोन बैल दोन दिशांना. मग आक्काच्या मागच्या बायका तिच्याकडे गेल्या. मग बाकावरचे पुरुष. मग नर्सबाई. पोरं गांगरली आणि तीही उतरली. बिचारी नवी मुलगी, तिनं पट्ट्यांवरून हात उचलले आणि माझ्याकडे बघितलं.

अशा वेळी माझा हात वर जायचा. थांबा सगळे, पुन्हा पहिल्यापासून, असं मी किती वेळा केलं असेल! त्या दिवशी हात शालीखाली तसाच राहिला. कारण खिडकीपाशी हे गात होते. काठी सोडून दिली होती, ती खाली पडली होती, आणि मान वर करून, "ओंजळ माझी रिती..." पहिलं कडवं पुरं. दुसरं पुरं. त्या मुलीनं मी बघत होते तिकडं बघितलं. ह्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं बोटं अलगद खाली आणली, पांढरी एकवर, आणि आमच्या मागून हळूच वाजवायला लागली. मी रडले. चारचौघांत, शाल तोंडात कोंबून रडले. शालीचा तेवढा उपयोग झाला. ह्यांनी आमेनसुद्धा म्हटलं.

नंतर मागच्या अंगणात जेवणं होती, इंद्रायणीचा भात आणि मटणाचा रस्सा. आक्का पदर खोचून वाढायला उभी होती. मी ताट घेऊन तिच्यापुढं गेले.

"आक्का, पेटी संपली नव्हती."

"व्हय?" तिनं माझ्या ताटात भात ठेवला. "मला वाटलं संपली."

"आणि सूर पण तो नव्हता."

"आता बाई, आमाला कुठं सूर कळतोय? तुमीच म्हनता न्हवं का."

मी हललेच नाही तिथून. मागं रांग लागली होती. आक्कानं डाव खाली ठेवला, पदरानं हात पुसला.

"तुमी आमाला खाली उतरवलं, आमी उतरलो," ती म्हणाली. "का उतरवलं, इचारलं का कुनी? आमाला काय डोळं न्हाईत? गीत वर गेलं की मास्तर मुके व्हत्यात, हे समद्यांना ठावं हाय. कमिटीला पोरांच्या नादात इसर पडला, आन् ह्या सुनेला तेवढं ठावं नव्हतं. आता झालं." ती ह्यांना मास्तरच म्हणायची, कंडक्टरला म्हणतात तसं. मग डाव उचलून म्हणाली, "सरका आता फुडं. लोक उपाशी हायत."

समद्यांना ठावं हाय. म्हणजे कुरकुरणाऱ्या त्या बायकांना, ओठ हलवणाऱ्या पुरुषांना, सगळ्यांना. आणि मी आपली ताकाचं भांडं लपवत बसले होते.

जेवताना ती मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. डोळे लाल झाले होते तिचे. "बाई, काल सांगितलं का नाही हो?" म्हणाली. मी रश्श्यात भात कालवत राहिले. तिनंच मग ठरवून टाकलं. मुलांची गीतं वर राहतील, पण शेवटचं गीत दर रविवारी पांढरी एकवर. कमिटीला ती सांगेल. मी म्हटलं, सांग बाई. मला काही मागता येत नाही.

हे पलीकडे खुर्चीत बसले होते, ताट संपवून. मी घड्याळाचं खोकं काखेत मारलं आणि त्यांच्यापाशी गेले. "चला," हे म्हणाले.

"थांबा जरा," म्हटलं. "आक्काची एसटी सुटू द्या, मग जाऊ."